वेखंडाचे दोन वळसे

“...मग तिलाच का, माय? मला का नाही?”

सगुणामायनं मान वर केली नाही. ती सहाण धूत होती.

“ऐकतेयस ना तू?”

“ऐकतेय की. पाणी घाल.”

केतकीनं तांब्या वाकडा केला. निम्मं पाणी सहाणेवर पडलं, निम्मं मायच्या लुगड्यावर. एरवी माय चांगली खेकसली असती. आज नुसतं लुगडं झटकलं.

टेकडीखालच्या नाथाच्या मठात, ओवरीच्या तिसऱ्या खणात मायची बैठक. दर गुरुवारी आसपासच्या वाड्यांवरच्या बाळंतिणी तान्ही पोरं घेऊन तिच्याकडे येतात आणि माय बाळगुटी उगाळून देते. हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ, वेखंड... एकेकाचे सहाणेवर मोजून वळसे. पोर केवढं आहे, त्यावर वळसे किती ते ठरायचं. मायला अक्षर म्हणाल तर एक येत नाही. पण पन्नास वर्षांत तिचा वळसा चुकलेला कुणी पाहिला नाही.

केतकी तिची शिष्या. तीन वर्षं झाली. त्यातले पहिले सहा महिने तर मायनं तिला सहाणेला हातसुद्धा लावू दिला नव्हता, नुसतं शेजारी बसून वळसे मोजायला लावलं होतं. पोरगी हट्टाची, तीही बसली. इथंच तिला औषधांचं वेड लागलं आणि इथंच फार्मसीला जायचं तिच्या डोक्यात शिरलं. शिरलं ते शिरलं, बाईसाहेबांनी गावभर सांगूनही टाकलं. बोललेलं परत गिळता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

सीईटीचा निकाल लागला. केतकीला एकाहत्तर पर्सेंटाइल. शर्वरीला सत्त्याण्णव.

ही शर्वरी रासकर म्हणजे केतकीच्या घराला घर लागून असलेली, बालवाडीपासूनची मैत्रीण. केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळायचं नाही पोरीला. वर्षभर रोज संध्याकाळी केतकीच्या ओट्यावर येऊन बसायची. ओटा केतकीचा, वही केतकीची, चहा केतकीच्या आईच्या हातचा, आणि पर्सेंटाइल मात्र शर्वरीचे! आता सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

“काल वही परत आणून दिली तिनं,” केतकी म्हणाली. “वर पेढ्यांचा पुडा. म्हणे, ‘तुझ्यामुळेच गं केतू!’ माझ्यामुळे! मग माझ्यामुळे मला का नाही मिळाले?”

“पेढे खाल्लेस?”

“मांजरापुढे टाकले.”

“खाल्ले त्यानं?”

“...खाल्ले.”

“बरं झालं. कुणाला तरी गोड लागले.”

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला मी काय सांगतेय आणि ही काय विचारतेय!

“आई म्हणते, बारावीच्या मार्कांवर डिप्लोमाला मिळेल. डिप्लोमा! ती पुण्यात डिग्री करणार आणि मी तालुक्याला डिप्लोमा!”

“डिप्लोमात काय शिकवतात?”

“औषधंच.”

“आणि त्या दुसऱ्यात?”

“औषधंच गं, पण...”

माय सहाण पुसत राहिली.

पण खरी गोष्ट तिनं मायला सांगितलीच नव्हती. खरी गोष्ट तिच्या पिशवीत होती.

सकाळी तिनं रागारागानं वही उघडली आणि मधून एक कागद खाली पडला. शर्वरीचा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला. मूळ, शिक्क्याचा. उद्या पाचच्या आत प्रवेशाची कागदपत्रं तपासून घ्यायची होती. तो दाखला नसेल तर पुण्याच्या जागेवर पाणी. नवा काढायचा म्हटलं तर पंधरा दिवस कुठे गेले नाहीत.

आणि शर्वरीचा फोनही आला होता सकाळीच. रडत होती. “अगं, सगळं घर उलथंपालथं केलं, दाखला कुठे सापडेना. तुझ्या वहीत राहिला नाही ना?”

तेव्हा तो कागद केतकीच्या मांडीवर होता.

“नाही गं,” ती म्हणाली होती. “वहीत काही नाही.”

इतक्या सहज म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं. फोन ठेवल्यावर छातीत धडधडलं, हे खरं. पण त्या धडधडीत कुठे तरी बरंही वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

मठाच्या पायऱ्या चढून एक बाळंतीण आली. वाडीवरची सुनंदा. सव्वा महिन्याचं पोर खांद्याशी, आणि त्याचं रडं सगळ्या मठात.

“पोट फुगलंय गं माय त्याचं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

मायनं पोराच्या पोटावर हात ठेवला. बोटानं टिचकी मारून पाहिली.

“तिकडं सावलीत बैस. पाज त्याला जरा.” मग केतकीकडे सहाण सरकवली. “तू उगाळ आज.”

सुनंदा ओवरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. केतकीनं सहाणेवर उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब टाकले. हिरड्याचे वळसे झाले, मुरुडशेंगेचे झाले. सुंठ झाली. हात सवयीनं चालत होता. शेवटी वेखंडाचा तुकडा तिनं बोटांत धरला. सव्वा महिन्याच्या पोराला वेखंडाचे वळसे दोन. तिसरा नाही. मायकडे हा पहिला धडा.

एक.

पिशवीत फोन वाजला. वाजू दे. शर्वरीच असणार.

दोन... आता रडत असेल. रडू दे की! मी नाही का रडले निकालाच्या दिवशी? तेव्हा ती पेढे वाटत फिरत होती. मीच समजावलेलं सगळं, माझ्याच वहीतनं, माझ्याच ओट्यावर बसून. पुण्याला जाणार म्हणे. जा म्हणावं आता...

फोन थांबला. पुन्हा वाजायला लागला.

“किती झाले?” मायनं विचारलं.

केतकीचा हात दचकून थांबला.

“...दोन.”

“अकरा.”

केतकीनं सहाणेकडे पाहिलं. वेखंडाचा पिवळट लगदा चांगला दाट झाला होता. दोन वळशांचा नुसता डाग दिसतो.

“माय, मी... लक्ष नव्हतं माझं. धुऊन टाकते.”

“मठाची रीत काय आहे?”

केतकीनं वेखंड खाली ठेवलं.

रीत तिला ठाऊक होती. चुकलेली गुटी धुऊन टाकायची नाही. ज्यानं उगाळली त्यानं ती चाटायची. तीन वर्षांत दोनदाच ही पाळी तिच्यावर आली होती. एकदा जायफळ, एकदा हळकुंड. ती हसत हसत चाटून गेली होती. पण हे वेखंड, आणि तेही अकरा वळशांचं!

“माय, खरंच?”

मायनं नुसतं सहाणेकडे बोट केलं.

केतकीनं बोटानं सगळा लगदा निपटला आणि जिभेवर घेतला. आई गं! जीभ पेटली. घशातून खाली तिखट कडू लोळ उतरत गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ओकारी येते की काय असं झालं.

“हे कुणाला उगाळलं होतंस?” मायनं विचारलं.

“बा... बाळाला.”

“बाळाला दोन वळसे पुरतात. वरचे नऊ कुणाला?”

केतकीच्या डोळ्यांतलं पाणी वाहतच होतं, आणि आता ते वेखंडाचं होतं की दुसऱ्या कशाचं, तिचं तिला कळेना.

“शर्वरीला,” ती म्हणाली.

“आणि चाटलं कुणी?”

...

पलीकडे पोर दूध पिता पिता कुरकुरत होतं.

मग केतकीनं पिशवी ओढली. वही काढली, वहीतला कागद काढला आणि मायसमोर धरला.

“काय लिहिलंय?” मायनं विचारलं.

“शर्वरीचं नाव. दाखला आहे तिचा. हा नसला तर तिला पुण्याला जाता येणार नाही. उद्यापर्यंत लागतो.” केतकीनं नाक पुसलं. “सकाळी विचारलं तिनं. मी नाही म्हणाले. जळते मी तिच्यावर, माय! तिचं तोंड बघवत नाही मला. ती नापास झाली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, समजूत घातली असती, सगळं केलं असतं. पण हे नाही सोसत. वाटतं, न मिळो तिला. मला नाही ना, मग तिलाही नको.”

मायनं कागद हातात घेतला. उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

“मी दिला नाही तर कुणाला कळणार आहे?” केतकी हळूच म्हणाली. “हरवला म्हणतील. कागद काय, हरवतात.”

“कळणार नाही,” माय म्हणाली. “कुणालाच कळणार नाही.”

मग कागद तिनं केतकीच्या मांडीवर ठेवला.

“गुटी चुकली तर चाटून मोकळं होता येतं, पोरी. हा कागद कसा चाटशील?”

केतकी त्या कागदाकडे बघत राहिली. जीभ अजून चरचरत होती.

तिनं फोन काढला. शर्वरीचे सात फोन येऊन गेले होते. तिनं लावला, तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला.

“शरू... दाखला माझ्याकडे आहे. वहीतच होता.” ती थांबली. “सकाळीही होता. मी खोटं बोलले.”

तिकडून काहीच आवाज आला नाही. केतकीला वाटलं, ठेवला फोन. ठेवणारच. ठेवायलाच हवा. मग शर्वरी रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. त्यात शिव्या होत्या, “का गं असं केलंस” होतं आणि “कुठे आहेस तू, मी येते” असंही होतं.

“मठात आहे. ये. मी इथंच आहे,” केतकी म्हणाली आणि फोन ठेवला.

मायनं तोवर सहाण धुतली होती, पुसली होती. हिरडा, मुरुडशेंग, सुंठ तिनं स्वतःच पुन्हा उगाळून घेतली होती. आता वेखंडाचा तुकडा तिनं केतकीपुढे केला.

“मी नको, माय. माझा हात...”

“पोर रडतंय.”

केतकीनं तुकडा घेतला. डाव्या हातानं तिनं सहाण धरली.

एक.

दोन.

वळसे झाले, पण हात तिथंच राहिला, सहाणेवर टेकलेला.

“माय... सांगितलं मी तिला सगळं. आता येईल, घेऊन जाईल. आणि उद्या तिला जागा मिळेल. तरी जळतंच आहे गं आत. मघाशी होतं तेवढंच. काही कमी नाही झालं.”

माय बाळाला गुटी पाजायचं बोंडलं पदरानं पुसत होती.

“वळसे किती झाले?”

“दोन.”

“मग उचल की हात.”