खार गेली म्हणजे झालं

फार मागची गोष्ट. तेव्हा झाडं बोलायची, आणि ऐकणारं तेव्हाही कुणी नव्हतं.

एका परसात बोक्याने खेळ मांडला. शेवगा आणि चिंच यांच्यामध्ये पट्टा ताणायचा, वाटेत वेलीचं कडं टांगायचं, आणि पोरांनी तोल सांभाळत पलीकडे जायचं.

शेवगा म्हणाला, "बाबा रे, मला बांधू नकोस. माझं लाकूड ठिसूळ. त्या कडुनिंबाला बांध. पट्टा गुडघ्याएवढाच ठेव, आणि खालचा धुण्याचा दगड हलवून पेंढा टाक."

"कामचुकार लेकाचा! कडुनिंबावर मुंगळे आहेत, तिथे कोण मरायला जातंय?" बोक्याने पट्टा शेवग्यालाच उंच बांधला आणि खारीला चालवून दाखवलं. ती सुर्रकन पलीकडे गेली.

ठिपकी शेळीने करडाला जवळ ओढलं. "बोकोबा, मोडणार नाही ना?"

"खार गेली की! डोळे फुटले का तुझे?"

"अगं ठिपके, खारीचं वजन ते काय?" शेवगा ओरडला. "पोर आवर तुझं!"

शेळीने करडाला पट्ट्यावर चढवलं. ते अर्ध्यावर गेलं आणि शेवगा कडकन मोडला. करडू दगडावर आपटलं. त्याचा पाय गेला तो गेलाच.

शेळी मोडक्या खोडावर शिंगं आपटत रडली, "मेल्या, ठाऊक होतं तर आधी सांगायचंस!"

थोड्याच दिवसांत बोक्याने पट्टा पपईला बांधला. पपई नको नको म्हणत राहिली. खार पुन्हा पलीकडे गेली. शेळी धाकट्या करडाला पुढे ढकलत म्हणाली, "जा रे, ही काही शेवग्यासारखी फसवी नाही."