कुसरवाडीत बोलणं तोडत नाहीत

आपल्या पणजोबांचे पणजोबा पाळण्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. कुसरवाडीत कोंडाजी नावाचा पाणाड्या होता. जमिनीला कान लावून तो खालचं पाणी सांगायचा, असं म्हणतात. बारा विहिरींना पाणी लागलं आणि तेराव्या विहिरीत निघाला कोरडा कातळ. झालं! गाव कुजबुजायला लागलं.

कोंडाजी दिसला की पारावरचं बोलणं तुटायचं. आधी त्याला वाटलं, आपल्याविषयी बोलतात. मग वाटलं, आपल्या वाइटावर आहेत. मग घराच्या भिंतीही बोलू लागल्या, आणि एके सकाळी त्याची खात्रीच पटली, की गावानं पाण्यात विष कालवलंय. त्यानं पाणी पिणंच सोडलं. गाव म्हणालं, "याला बाहेरचं लागलंय," आणि आणखी हळू बोलू लागलं.

तिसऱ्या दिवशी त्याची जीभ टाळूला चिकटली, तेव्हा बायकोनं सईत्राआत्याला बोलावलं. ही गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे ती कुणाची भीड ठेवत नसे. तिनं तांब्या पुढे केला, त्यानं तोंड फिरवलं.

"आत्या, सगळे माझ्याविषयी बोलतात गं."

"बोलतात रे बाबा. विषाचं खोटं, पण बोलण्याचं खरं."

कोंडाजी ढसाढसा रडला. इतक्या दिवसांत त्याचं काहीतरी खरं मानणारं हे पहिलंच माणूस. पण पाणी काही तो प्याला नाही.

आत्यानं त्याला धरून कोरड्या विहिरीवर नेलं आणि गाव गोळा केलं. "मेल्यांनो, पाठीमागं बोललात ते आता तोंडावर बोला!" कुणी तोंड उघडेना. मग ती वाकून विहिरीत ओरडली, "तू तरी बोल गं बाई!"

आणि विहीर बोलली, असं म्हणतात. ज्याची कुजबूज, त्याच्याच आवाजात. "याचा कान गेला." "पोरांना याच्या सावलीला जाऊ देऊ नका." सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"एवढंच?" कोंडाजी म्हणाला. विषाचा त्यात शब्दही नव्हता.

पाटील पुढे आले. "चुकलं, कोंडाजी," म्हणाले, आणि आत्याच्या हातच्या तांब्यातला घोट आधी स्वतः प्याले. मग कोंडाजी प्याला. त्याच घटकेला विहिरीला पाणी लागलं, असं म्हणतात. कुणी म्हणतं, ते पुढच्या साली लागलं. तो प्याला, एवढं मात्र खरं.

त्याला पुढेही अधूनमधून भास व्हायचे. तेव्हा तो सरळ पारावर येऊन काय बोलताय ते विचारायचा, आणि लोक खरं ते सांगायचे.

आजही कुसरवाडीच्या पारावर कुणी आलं, तर बोलणं तोडत नाहीत. सईत्राआत्याची आण आहे म्हणतात, सरकून जागा देतात आणि चाललेलं बोलणं पहिल्यापासून सांगतात. कधी ते येणाऱ्याविषयीच असतं. तेही सांगतात.