न फाटलेलं शीड

फार पूर्वी, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात एक विधवा कोष्टीण राहत होती. ती होड्यांच्या शिडांचं कापड विणायची. आसपासच्या गावांतले होड्या चालवणारे तांडेल तिच्या अंगणात यायचे, तागे उलगडायचे, कापड ताणून बघायचे, नाकं मुरडायचे आणि शेवटी तेच घेऊन जायचे.

नाकं मुरडायला कारणही होतं. प्रत्येक शिडाच्या मधोमध हातभर रुंदीचा एक पट्टा ती मुद्दाम विरळ विणायची. जोराचं वादळ आलं की तो पट्टा टर्रकन फाटायचा. मग तांडेल कुरकुरत परत यायचे आणि नवा पट्टा जोडून न्यायचे. कोणी फारच बोललं तर ती सासूने शिकवलेलं सांगायची, की पट्टा फाटला म्हणजे वारा त्यातून निघून जातो आणि कललेली होडी सरळ होते.

"शीड फाटलं तर मी शिवून देईन," ती म्हणायची. "होडी उलटली तर मी काय देऊ?"

यावर तांडेल तागा खांद्यावर टाकून वाटेला लागायचे.

तिला एकुलता एक मुलगा होता. त्याचं मन मागावर कधी रमलं नाही. मिसरूड फुटल्यापासून तो दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला आणि पंचविशीत त्याने स्वतःची लहानशी होडी बांधली. एकटा माणूस चालवू शकेल एवढीच. शीड अर्थातच आईने द्यायचं ठरलं.

पावसाळा सरल्यावर तिने दोन तागे त्याच्यापुढे ठेवले. एक नेहमीचा, विरळ पट्ट्याचा. दुसरा तिने चार महिने खपून दुहेरी सुताने विणला होता. तो इतका घट्ट होता की त्यात सुईसुद्धा सहज शिरली नसती.

मुलाने पहिल्या ताग्याला हात घातला. "आये, सगळ्यांना देतेस तेच मला दे," तो म्हणाला.

तिने तागा त्याच्या हातून काढून घेतला. "सगळे माझ्या पोटचे आहेत का? भर समुद्रात तुझं शीड फाटलेलं डोळ्यांपुढे येतं आणि मला घास गिळवत नाही. हा ने."

मुलाला पटलं नव्हतं. पण आईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्याने जाड तागा उचलला. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' असं म्हणून आपण मोकळे होतो, पण स्वतःच्या लेकराचा प्रश्न आला की भल्याभल्यांचं शहाणपण अडगळीत पडतं.

दसरा झाल्यावर एका सकाळी गावातल्या पाच होड्या बरोबर निघाल्या. दुपारी वारा एकाएकी फिरला आणि आडवा अंगावर आला. शिडाचा दोर सोडायलाही कोणाला सवड मिळाली नाही. चार होड्या एका अंगावर कलल्या, त्यांच्या शिडांचे पट्टे फाटले आणि हेलकावे खात त्या पुन्हा सरळ झाल्या. त्यातली माणसं वल्ही मारत संध्याकाळी किनाऱ्याला लागली.

पाचवं शीड फाटलं नाही. ते वाऱ्याने गच्च भरलं आणि होडीला घेऊन पाण्यावर आडवं झालं.

गावाने तीन दिवस शोध घेतला. मुलगा सापडला नाही, शीड तेवढं सापडलं. सर्वांत म्हातारा तांडेल ते घेऊन कोष्टिणीच्या अंगणात आला आणि त्याने ते तिच्यापुढे ठेवलं.

तिने ते ओलं कापड मांडीवर घेतलं. कुठेतरी एखादा धागा तुटलेला सापडेल म्हणून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवत गेली. एकही तुटला नव्हता. तेव्हा तिने हंबरडा फोडला. तिचं ते रडणं ऐकून शेजारच्या बायकांनी आपापल्या मुलांना जवळ ओढलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा मागावर बसली. मागाशिवाय तिला दुसरं उरलं तरी काय होतं? एक दिवस लेकाचं शीड भर समुद्रात फाटल्याची धास्ती घेतलेली गावातली एक आई आली आणि माझ्या मुलाला ते दुहेरी सुताचं कापड विणून दे, म्हणून हात जोडू लागली. कोष्टिणीने तिचे हात खाली केले आणि विरळ पट्ट्याचा तागा तिच्या ओटीत घातला.

"नको गं बाय," ती म्हणाली. "तुझा लेक फाटकं शीड घेऊन का होईना, घरी येऊ दे."

तात्पर्य: आपल्या माणसाला नुकसानीपासून इतकंही जपू नये, की त्याला वाचायला जागाच उरणार नाही.