हौसाताईंच्या दारावरचा कॅमेरा

फार जुनी नाही, वायफाय घरोघरी पोचल्यानंतरची गोष्ट. मी साताऱ्यात हौसाताईंच्या दारावर बसवलेला नवाकोरा कॅमेरा होतो. मांजर आलं, वाळतं लुगडं हललं, की पुण्यातल्या त्यांच्या लेकाच्या फोनवर मी सूचना धाडायचो, "दारात कुणीतरी आहे!"

"तू तर भुंकतही नाहीस, कसली राखण करतोस?" मी घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला हिणवायचो.

"गरज पडली की भुंकेन," तो म्हणायचा.

एका दुपारी ताई अंगणात घसरून पडल्या. मी सूचनांवर सूचना पाठवल्या; पण लेकाने वैतागून त्या केव्हाच बंद केल्या होत्या. कुत्रा मात्र जीव तोडून भुंकू लागला.

"हा कधी भुंकत नाही! काहीतरी झालंय," म्हणत शेजारच्या मेहरूनभाभी धावत आल्या आणि ताईंना दवाखान्यात घेऊन गेल्या.

आणि मी? मी ते सगळं अगदी सुस्पष्ट टिपलं.