आवडाबाईचा अंगठा

आश्विन शुद्ध अष्टमी होती. पाऊस उघडून आठवडा झाला होता, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, आणि घोडेखिंडीत सकाळच्या उन्हाबरोबर गार वारा सुटला होता. शक कोणता, ते कुणी सांगत नाही. करंजमाळात तिथी पाठ आहे, त्या सकाळचा गार वारासुद्धा पाठ आहे. वर्ष विचारलं तर म्हणतात, फार मागं, खिंडीत सडक नव्हती, नुसती पायवाट होती, तेव्हा. पण त्या अष्टमीला काय झालं ते कळायचं, तर आधी आवडाबाई कोण ते कळलं पाहिजे.

आवडाबाई करंजमाळची कासारीण. नवरा बांगड्यांचा माल आणायला मुलूखभर हिंडे आणि भरायचं काम ती करी. बांगडी जितकी तंग बसेल तितकी कासारीण पक्की, असा तेव्हाचा हिशेब. आवडाबाई समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घेई, अंगठ्याच्या बेचक्यात आपला अंगठा टेकवी आणि म्हणे, "हात सैल सोड, बाई." मग त्या हाताची हाडं जणू दुधात भिजल्यासारखी मऊ होत आणि मनगटाहून इवलीशी बांगडी आत सरके. उभ्या जन्मात तिच्या हातून भरताना एकही बांगडी वाढली नाही, साधा तडासुद्धा गेला नाही, असं म्हणतात.

आणखीही म्हणतात. डोळे मिटून नुसता हात धरला तरी ती बाईचं नाव सांगे. एकदा बाजारात रेडा उधळला, माणसं माड्यांवर चढली, तेव्हा आवडाबाईनं त्याच्या कानामागं दोन बोटं टेकवली आणि रेडा रवंथ करायला बसल्यासारखा खाली बसला. हे खरं की खोटं, कोण जाणे. पण हाताची तिला जी जाण होती ती खरी. ती म्हणायची, मूठ म्हणजे आतून कडी लावलेली खोली. भिंतीला धडका देऊ नयेत. दार कुठं आहे ते बघावं.

आता करंजमाळच्या बायका तूप कढवीत आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर मडकी घेऊन खिंड ओलांडून उंबरणीला जात. तिथं तूप विकत, मीठमिरची घेत. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावातल्या निम्म्या सुनांची माहेरं पलीकडं होती. बाजाराला आई भेटे, बहीण भेटे, एखादीला बापाच्या हातची ओली शेंग मिळे. खिंड होती म्हणून माहेर होतं.

एका वर्षी त्या खिंडीत हैबती येऊन बसला. कुठल्याशा शिबंदीतून हाकलून दिलेला शिपाई, सोबत त्याच्याच जातकुळीतले चार-सहा उनाड. हा हैबती उभा राहिला की पायवाटेवर ऊन पडत नसे. नारळ नुसत्या मुठीत दाबून फोडायचा, असं म्हणतात. त्याला हत्यार लागत नव्हतं. येणाऱ्या बाईचं मनगट धरायचा आणि हातातले गोट, पाटल्या ओरबाडून घ्यायचा. वर हसून सांगायचा, "हैबतीची मूठ एकदा मिटली की चितेवरच उघडायची!"

गावातले बाप्ये काठ्या घेऊन गेले. अरुंद खिंडीत एकामागं एक चढावं लागे आणि वरून धोंडे येत. ते लंगडत परत आले. शेवटी पाटलांनी चावडीवर सांगितलं, "अष्टमीचा बाजार तेवढा होऊ द्या. त्या दिवशी कुणाच्या हातचं काही गेलं, तर यापुढं करंजमाळच्या बाईनं खिंड चढायची नाही. तूप आम्ही आडवाटेनं नेऊ."

आवडाबाईकडं गजरा नावाची म्हाळूची बायको हात सोलपटलेला घेऊन आली. तिचे गोट गेले होते. आवडाबाई त्या हातावरून बोटं फिरवत राहिली, मग म्हणाली, "त्यानं धरलं तेव्हा तू काय केलंस गं?"

"काय करणार, काकू? ओढला की हात. ओढला तितका तो आवळत गेला."

"आवळणारच तो. त्याचं तेवढंच काम आहे. तू कशाला त्याच्या कामाला लागलीस?"

त्या रात्री आवडाबाई झोपली नाही म्हणतात. जन्मभर ती हात बांगडीच्या आत घालत आली होती. आता तिला हात मुठीतून बाहेर काढायचा होता. आणि तिच्या ध्यानात आलं की दोन्हीचं दार एकच आहे.

पितृपक्ष लागला होता. त्या पंधरवड्यात कुणी बांगड्या भरत नाही, कासाराचं घर ओस असतं. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात आवडाबाईच्या पडवीत बायकांची रीघ लागली. म्हाताऱ्या नाकाला पदर लावून म्हणू लागल्या, "पितर जेवायचे दिवस आणि ह्या बांगड्या भरायला निघाल्या!" पण बायका जात होत्या तशाच, एकही नवी बांगडी न भरता परत येत होत्या.

पडवीत आवडाबाई एकेकीचा हात धरी आणि दारं दाखवी. अंगठ्याचं बेचकं, तिथं हाडाकडं वळवून दाबलं की अंगठा आपोआप उघडतो. करंगळीचं मूळ. मनगटाच्या आतल्या अंगाला दोन बोटं वरची शीर. कोपराची खळगी, तिथं लागलं की मुंग्या थेट नखापर्यंत धावतात. शिकायला सोपं वाटे, करायला अवघड जाई. जोर लावला की अंगठा जागेवरून घसरे. आवडाबाई म्हणे, "चेंगरू नको. भाकरी फुगली का बघतेस तशी बोटं टेकव, जागा सापडली की मग दाब." पहिले काही दिवस तर कुणालाच काही जमेना. एकमेकींचे हात धरायच्या आणि खोखो हसायच्या. कुणी जोरानं धरीच ना. मग आवडाबाईनं सांगितलं, "जिला सासूचा राग आहे तिनं सासूचं नाव घेऊन धरावं." त्या दिवसापासून पडवीत हसू बंद झालं आणि शिकणं सुरू झालं.

दारात एक बाई रोज येऊन उभी राही आणि परत जाई. तिचं नाव भागू. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचं कुंकू पुसलं होतं. तेव्हापासून कासारणीची पायरी ती चढली नव्हती. आवडाबाईनं तिला हाक मारली.

भागू म्हणाली, "मी कशाला येऊ, काकू? मला कुठं बांगड्या भरायच्यात?"

"बांगड्या नाहीत म्हणून मनगट नाही का तुला?" आवडाबाई म्हणाली. "ये. बस अशी. दे हात."

भागूनं हात दिला. किती वर्षांनी तो हात कुणी असा हातात घेतला होता. ती रडली की नाही, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. पण सगळ्यांत आधी जागा तिला सापडली, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आवडाबाईनं नेम एकच घातला होता. "सुटायपुरतं. हात सुटला की आपलाही अंगठा सुटला पाहिजे. वर सूड घ्यायला गेलीस, तर तुझ्यात आणि त्याच्यात काय राहिलं?"

आता बायका शिकल्या म्हटल्यावर घरी करून बघणारच. गजराला म्हाळूनं कशावरून तरी रागानं मनगटाला धरलं आणि पुढच्याच क्षणी म्हाळू जात्यावर बसलेला होता, हात काखेत घालून. शेजाऱ्यांना तो म्हणाला, विंचू चावला. त्या आश्विनात करंजमाळातल्या बऱ्याच नवऱ्यांना विंचू चावला.

बातमी चावडीवर गेली. पाटलांनी आवडाबाईला बोलावून घेतलं. "कासारीणबाई, हे काय चाललंय? तुम्ही बायकांनी लढायचं आणि आम्ही काय हातांत बांगड्या भरून बसायचं?"

आवडाबाई शांतपणे म्हणाली, "भरा की, पाटील. माप घेऊ?"

चावडी हसली. पाटलांच्या मिशाही हलल्या, म्हणतात. पण त्यांनी शब्द फिरवला नाही. अष्टमीला एकीच्याही हातचं काही गेलं, तर खिंड बंद.

तर अशी ती अष्टमी उजाडली. बायका मडकी घेऊन निघाल्या. सगळ्यांच्या पुढं आवडाबाई, कारण तिला वाटत होतं की धरायचं तर तो आधी पहिलीलाच धरील. तिच्या मागं भागू, मग गजरा, मग बाकीच्या. गडी पायथ्याला थांबले. पाटील घोड्यावर होते.

खिंडीच्या तोंडाशी हैबती वाट अडवून बसला होता. त्यानं आवडाबाईकडं बघितलं आणि पाय आवरून घेतला. "म्हातारे, तू जा पुढं. तुझी हाडं माझ्या मुठीत वाजतील." त्याचे सोबती हसले. आवडाबाईला पुढं ढकललं गेलं आणि वाट पुन्हा बंद झाली. मग त्यानं भागूचं ओकं कपाळ पाहिलं. "आज गोट नको, पाटल्या नको," तो म्हणाला. "आज हिलाच ठेवून घेतो. हिच्यासाठी भांडायला कोण येणार आहे? मग बाकीच्या पुढच्या बाजारी मुकाट्यानं काढून देतील." आणि त्यानं भागूचं मनगट धरलं.

भागूच्या डोक्यावरचं मडकं पडलं आणि फुटलं. तूप वाटेवर सांडलं. आणि इतक्या दिवसांचं शिकलेलं भागू विसरली. तिनं हात ओढला. हैबतीची मूठ आवळली. तिची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी पडली. आवडाबाई पलीकडं उभी राहून बघत होती. आपले हात तिथवर पोचत नाहीत, हे तिला कळत होतं. तिच्याकडं एकच गोष्ट उरली होती. ती जन्मभर ज्या सुरात म्हणत आली, त्याच सुरात तिनं मोठ्यानं म्हटलं,

"हात सैल सोड, बाई!"

हैबती खदाखदा हसला. "ऐक, ऐक म्हातारीचं! शहाणी आहे ती!"

भागूनं ऐकलं. तिच्या खांद्यातला ताण उतरला, कोपरातला उतरला, आणि हात बांगडी भरायला द्यावा तसा सैल झाला. हैबतीला वाटलं, बाई हरली. त्यानंही पकड जराशी ढिली केली. त्या जराशा जागेत भागूनं अंगठा तळव्यात मिटला, हात चिंचोळा केला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हैबतीच्या बेचक्यात टेकवला. जागा सापडली. तिनं दाबलं.

त्या वेळी वारा थांबला, असं म्हणतात. झाडावरचे होले गप्प झाले. आणि नारळ फोडणारी ती मूठ, कमळ उमलावं तशी, एकेक बोट करून उघडली. हैबती गुडघ्यावर आला, मग दुसऱ्या गुडघ्यावर. भागू मात्र दाबतच होती. तिचे डोळे कुठंतरी दूर लागले होते. तेव्हा आवडाबाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भागू, सुटलीस. सोड आता."

भागूनं अंगठा काढला.

हैबतीचे सोबती धावून आले, तर मागं बायकांची ओळ होती. ज्यानं जिचं मनगट धरलं, तो तिथंच खाली बसला. कुणी कोपर धरून ओरडला, कुणी काखेत हात घालून उतारावरून घरंगळला. गजरानं दोघांना बसवलं आणि पायथ्याकडं बघून ओरडली, "अहो, इकडं बी विंचू निघालेत!" पाटील घोड्यावरून उतरले, असं सांगतात. बायका खिंड ओलांडून उंबरणीला गेल्या आणि तूप विकून दिवेलागणीला परतल्या.

हैबतीची मूठ मात्र उघडी ती उघडीच राहिली. भाकरीचा तुकडा बोटांतून गळे. भागूनं जास्त वेळ दाबलं म्हणून तसं झालं, असं काही म्हणतात. काही म्हणतात, ती देवीची करणी. दिवाळीच्या सुमारास तो लोंबता हात घेऊन आवडाबाईच्या पायरीशी येऊन बसला. आवडाबाईनं भागूला बोलावणं धाडलं. "उघडायची जागा तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मिटायची जागा आज दाखवते. जिनं उघडली तिनंच मिटवायची." भागू बराच वेळ दारात उभी राहिली. मग तिनं तो हात आपल्या हातात घेतला.

मूठ मिटली. हैबती उठला, घोडेखिंडीच्या पायथ्याशी जाऊन राहिला, आणि म्हातारा होईपर्यंत बायकांची तुपाची मडकी चढावरून वर नेऊन देत राहिला. त्याच्या हातून एकही मडकं निसटलं नाही, असं म्हणतात.

आवडाबाई कधी गेली ते कुणी सांगत नाही. खिंडीच्या माथ्यावर एका काळ्या खडकात अंगठ्याएवढी खळगी आहे. दमून तिनं तिथं अंगठा टेकवला आणि दगडानंही तिचं ऐकलं, असं म्हणतात.

आजही आश्विनात करंजमाळात कासार आला की पहिला हात गावातल्या विधवेचा पुढं होतो. मग बाकीच्यांचे. अष्टमीला सगळं गाव खिंड चढतं. दहा वर्षांच्या झालेल्या पोरी त्या खळगीत अंगठा टेकवतात. नंतर बाहेरगावच्या एखाद्या ताकदीच्या माणसाला मानाचा नारळ देऊन बोलावलेलं असतं, तो त्यातल्या एकीचं मनगट धरतो. त्याला 'मनगट देणं' म्हणतात. धरणाऱ्यानं मुद्दाम सोडायचं नाही, अशी त्याला शपथ असते.

गेल्या अष्टमीला उंबरणीच्या तालमीतले पैलवान बाजीराव शेळमकर आले होते. त्यांनी करंजमाळच्या किसन वाघजाळे यांची नात शर्वरी हिचं मनगट धरलं. शर्वरीचा हात सुटला. पैलवान एका गुडघ्यावर आले होते.