आधीचा गुलाल

“कुणी म्हणजे कुणीच माझं खरं मानलं नाही, उस्ताद! मग सगळा गाव खरा आणि मी एकटी खोटी का?”

गाडीचा स्टँड धड लागला नव्हता, हेल्मेट काखेत तसंच होतं, आणि वैजयंता सुरू झाली होती.

चिंचेखाली बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं नुसते पाय वर ओढून घेतले. तिला बसायला जागा केली.

हा बाबालाल उस्ताद. मिरजेबाहेर एका पिराच्या दर्ग्यामागं राहायचा. एके काळी जत्रेत मौत का कुवा चालवायचा. फळ्या ठोकून केलेली खोल विहीर, तिच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गरागरा फिरवायची, आणि वर कठड्याला लोंबकळून माणसं बघणार. वैजयंताला गाडी त्यानंच शिकवली. तिची शाळा चौथीत सुटली. पण भिंत मात्र तिनं धरली ती धरलीच.

आता वय पंचेचाळिशीला टेकलं होतं. तरी पोरं तिला वैजाक्का म्हणत आणि तिच्या शेजारी गाडी उभी करायला कचरत. कारण आता ती ड्रॅग रेस खेळायची. जुन्या विमानतळाची ओसाड पट्टी, रस्त्यावर चालवायच्याच गाड्या, दोघं शेजारी शेजारी उभे. दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, घाट नाही. सरळ जायचं आणि आधी पोचायचं.

ती पोचायची. गेल्या काही रेसपर्यंत.

“काय म्हणतात लोक?” उस्तादानं विचारलं.

“हात कापतो म्हणतात माझा! म्हणे वय झालं, क्लच सोडताना झटका बसतो, म्हणून मागचं चाक जाग्यावर फिरतं. अहो, चाक घसरतंय! रबर रस्ता धरत नाही. मी घसा फोडून सांगते तर माझा दीर, तो सर्जेराव, दात काढतो. गॅरेज त्याचं, गाडी त्याच्या नावावर. परवाच्या रेसला स्वतःच्या पोरग्याला बसवणार म्हणतो. माझ्या गाडीवर!”

“पोरगा कसा आहे?”

“आरशात बघून हेल्मेट घालतो.”

उस्ताद हसला. किटलीतला चहा त्यानं बशीत ओतला. काठोकाठ.

“डावा हात पुढं कर.”

तिनं केला. क्लचचा हात. त्यानं तळव्यावर बशी ठेवली.

“हं, आता सांग. दीर काय म्हणाला?”

“सांगितलं की.”

“परत सांग. सगळं सांग.”

तिनं सांगितलं. सगळ्यांच्या देखत तो कसा म्हणाला की अक्का, आता घरी बसून नातवंडं खेळवा. बायका कशा पदरात हसल्या. सांगताना तिच्या मानेची शीर तट्ट फुगली, आवाज दर्ग्यापर्यंत गेला, चिंचेवरचे पोपट उडाले.

चहाचा थेंब हलला नाही.

उस्तादानं बशी उचलली आणि चहा पिऊन टाकला.

“हात चांगला आहे,” तो म्हणाला.

वैजयंताची छाती अशी फुगली की विचारू नका. “मग चला माझ्याबरोबर! आत्ता! त्या सर्जेरावाच्या तोंडावर सांगा. तुमच्यापुढं बोलायची त्याची टाप नाही.”

“मी हाताचं बोललो.”

“मग?”

“चाकाचं कुठं बोललो?”

…

तो काठी टेकत उठला आणि गाडीजवळ गेला. मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. टायरला अंगठा दाबून बघितला.

“नवं दिसतंय.”

“नवं आणि मऊ. हट्टानं घेतलं मी. सर्जेराव म्हणाला, कडकच बरं, टिकतं. मी म्हटलं, टिकवायचं कुणाला आहे? मला पकड पाहिजे.”

“बरोबर बोललीस. हवा?”

“कमी केली. टायर जरा बसलं की जास्त रबर जमिनीला लागतं. तुम्हीच शिकवलंय.”

“अंग?”

“मागं रेलून बघितलं, पुढं झुकून बघितलं. मागं रेललं तर पुढचं चाक उचलतं, पुढं झुकलं तर मागचं मोकळं होतं. मधलं कुठं ते मला कळतं हो, एवढी वर्षं काय गवत उपटलं?”

“तापवतीस?”

“तापवते. पुढचा ब्रेक दाबायचा, मागचं चाक जाग्यावर फिरवायचं, धूर निघेस्तोवर. मऊ रबर तापलं की गुळासारखं होतं. बोट लावलं तर सोडत नाही.”

“मग आता तापव.”

“इथं? पिराच्या दारात?”

“पिरानं लई धूर बघितलाय.”

दर्ग्यासमोरून डांबरी रस्ता जात होता. भर दुपार, चिटपाखरू नव्हतं. वैजयंतानं गाडी रस्त्यावर घेतली, ब्रेक आवळला, चाक फिरवलं. धूर उठला. जळक्या रबराचा वास चिंचेखाली आला आणि म्हाताऱ्यानं तो अत्तराची कुपी हुंगावी तसा हुंगला.

त्यानं काठी वर धरली. खाली टाकली.

गाडी सुटली.

काय सुटली! चाक जाग्यावर तसूभर फिरलं नाही. सुसरीनं पाय धरावा तसा रबरानं रस्ता धरला आणि बाई डोळ्यांआड झाली.

परत आली तेव्हा तोंडावर उजेड होता, पण कपाळाला आठी.

“बघितलंत? घसरलं नाही! आता काय म्हणावं याला? इथं पकडतं, तिथं का नाही?”

“तिथं का नाही?” उस्तादानंही विचारलं.

“पट्टी खराब असेल.”

“शेजारच्याची गाडी घसरते?”

“… नाही.”

“तो कुठल्या बाजूला?”

“उजव्या. डावी बाजू माझी. ठरलेली आहे ती. डावीला दुसरं कुणी उभं राहत नाही, राहून दाखवावं!”

“जुनं टायर घसरत होतं?”

“नाही. थोडं जायचं कधीमधी. ते कडक होतं, मी तापवतही नव्हते.”

“म्हणजे मऊ घातलंस तेव्हापासून घसरतंय.”

“तेच तर! जितकं चिकट करावं तितकं घसरतं. डोकं फिरायची पाळी आली.”

उस्ताद परत बाजेवर जाऊन बसला. डोळे मिटले. वैजयंताला वाटलं, झोपला की काय…

“चपाती लाटतीस का घरात?”

“काय?”

“चपाती.”

“उस्ताद, मी गाडीचं विचारायला आले. स्वैपाकाचं विचारणारे घरी ढीगभर आहेत.”

“लाटतीस का नाही?”

“लाटते! न लाटून सांगते कुणाला?”

“पोळपाटावर पिठी का टाकतीस?”

“चिकटू नये म्हणून. एवढंही…”

ती थांबली.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत.

“तिथं चाक तापवल्यावर काय होतं, वैजा?”

वैजयंतानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

“मग… माझी माणसं येतात.”

“आणि?”

“गुलाल उधळतात.”

“जिंकल्यावर.”

“आधी.”

…

“आधी का?”

“का म्हणजे? मी हरत नव्हते! त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. जिंकल्यावर तर कुणीही उधळतं, शेजारच्या पोराचे चुलतेही पिशवी घेऊन येतात. आधी उधळायला दम लागतो. पोतं रिकामं करतात माझ्यावर. डावी बाजू लालभडक होते. उजवीकडच्याला बघूनच घाम फुटतो.”

“त्याच्यावर कुणी टाकत नाही?”

“त्याला ओळखतं कोण!”

उस्ताद हसला नाही. तिलाही आपलं बोलणं आता ऐकू आलं.

ती गाडीजवळ गेली. टायरच्या खाचेत नख घालून काढलं. लाल. दुसऱ्या खाचेत घातलं. तिथंही लाल. तिनं पदर खोचला, उस्तादाच्या खोपटातून बादली आणि ब्रश आणला आणि टायर घासायला बसली. भांडं करपल्यावर घासावं तशी घासत होती. पाणी लाल वाहिलं, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. जुन्या सदऱ्याच्या फडक्यानं तिनं एकेक खाच कोरडी केली.



“कळलं,” ती अखेर म्हणाली. “तापलेलं रबर गुलाल उचलतं, त्याचीच पिठी होते. गुलाल बंद. झाडू घेऊन जाते, माझी बाजू मीच झाडते, मग तापवते. परवा बघा कशी जाते ते.”

“परवा गाडीवर तू आहेस का?”

तिचा हात फडक्यावरच राहिला.

“सर्जेरावाला काय सांगणार?” उस्तादानं विचारलं.

“सांगते की, माझा हात कापत नाही!”

“हे तर तू आधीच सांगितलं होतंस. मग चाक का घसरलं? तो विचारणार. सगळ्यांसमोर विचारणार. मग?”

वैजयंता फडकं पिळायला लागली.

“गुलालानं घसरलं, म्हण.”

“गुलाल कुणी टाकायला लावला, विचारतील. मग काय सांगू? वैजाक्काच्या माजानं घसरलं? त्या बायका पदरात तोंड घालून हसतील आणि मी ऐकत उभी राहू? नाही जमायचं. मरेन, पण हे माझ्या तोंडानं नाही सांगणार.”

“मग पोरगा बसेल.”

“बसू दे!” असं म्हणाली खरी, पण हात गाडीच्या टाकीवर गेला आणि तिथंच फिरत राहिला, बाळंतिणीचा हात पोराच्या पाठीवर फिरावा तसा.

ऊन कलायला लागलं. दर्ग्यात कुणीतरी चादर झटकली.

“वैजा,” म्हातारा म्हणाला, “तुझ्यावर पहिला गुलाल कुणी टाकला?”

तिनं मान वर केली.

जत्रेतल्या त्या विहिरीच्या तळाशी सतरा वर्षांची पोरगी गाडीवर बसलेली. वरून शिट्ट्या, वरून शेलके शब्द. बाईमाणूस भिंतीवर चढणार म्हणून गर्दीनं कठडा वाकलेला. पोरीची किक बसत नव्हती. तेव्हा एक धिप्पाड माणूस आत उतरला. मूठभर गुलाल त्यानं तिच्या डोक्यावर टाकला आणि गर्दीकडं बघत म्हणाला, ‘जिंकली पोरगी. आता नुसती वर जाऊन येणार.’

आणि ती जाऊन आली होती.

“तुम्ही टाकला,” वैजयंता म्हणाली. “पण तुम्ही डोक्यावर टाकला होता, उस्ताद. चाकाखाली नाही.”

“आधी टाकला.”

“मी घाबरले होते म्हणून टाकला!”

“तरी आधीच टाकला. तुला तीच चटक लागली.”

“म्हणून काय…”

“सर्जेरावाला दोष द्यायला कुणाचं तरी नाव पाहिजे. दे त्याला. सांग, शिकवणाऱ्यानं चुकीचं शिकवलं. आधी गुलाल घ्यायची खोड त्यानं लावली. तुझा हात चांगला, तुझं टायर चांगलं. चुकला तो म्हातारा.”

वैजयंता ताडकन उठली. “आणि मी चारचौघांत तुमच्या नावानं बोंब मारू? या जिभेनं? झडेल ती!”

“नाव तर घेऊन बघ.”

“माझ्या उस्तादाचं…”

सवयीनं तिचा हात कानाच्या पाळीकडं गेला. मिरजेतले गवई असोत की तालमीतले पैलवान, उस्तादाचं नाव कुणी कान धरल्यावाचून घेत नाही. वैजयंतानं तर ते नाव आजवर घेतलंच नव्हतं. पाळी बोटात धरून ती उभी राहिली. ओठ हलले. शब्द काही फुटेना.

म्हातारा काठी टाकून उठला. दोन्ही हातांनी त्यानं तिचा हात कानावरून सोडवला, गाडीपाशी नेला आणि क्लचवर ठेवला.

“कान नको धरू,” तो म्हणाला. “मान वर कर आणि मोठ्यानं सांग त्यांना… बाबालाल.”