पोट हिरवं, झोळी रिकामी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं आणि त्यात पाणपिसवांचं गाव नांदत होतं. पाणपिसू म्हणजे मोहरीएवढा जीव. पायांनी पाणी चाळायचं आणि येईल ते गिळायचं. अंग इतकं आरपार, की पोटातला घास बाहेरून दिसे. म्हणून त्या गावात "जेवलीस का?" असं कुणी विचारत नसे. नुसतं बघत.

तिथल्या एका पाणपिसवेला पिल्लांची फार ओढ होती. पाणपिसवेच्या पाठीवर झोळी असते, अंडी तिथेच धरतात. ही सारखी मागे वळून बघे. झोळी रिकामी दिसली की तिचा जीव तुटे.

त्या उन्हाळ्यात पाणी तापलं. रोजचं तपकिरी शेवाळ आटलं आणि वर निळसर हिरव्या शेवाळाची साय धरली. गाव हरखलं. ती आणि तिची धाकटी बहीण दिवसभर चाळत राहिल्या.

"काय बाई नशीब तुमचं," हिरवीगार पोटं पाहून शेजारणी म्हणत.

पण भूक शमेना. शमेना म्हणून ती आणखी खाई. झोळी मात्र रिकामीच.

शेवटी ती तळाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या आत्याबाईंकडे गेली.

"आत्याबाई, खाण्यात काही कमी नाही. मग माझं चुकतंय कुठं?"

म्हातारीने पोटाकडे पाहिलंच नाही, पाठीकडे पाहिलं. "पोरी, हे हिरवं आत शिरतं आणि पोटातल्या पाचकरसालाच बांधून घालतं. घास येतो तसाच निघून जातो. इथं खाली थोडं तपकिरी शेवाळ उरलंय. शोधावं लागेल. पोट फिकं दिसेल, लोक कीव करतील. चालेल?"

ती बहिणीला न्यायला वर गेली.

"ताई, भरल्या ताटावरून उठवतेस होय मला?" धाकटी हसली आणि पुन्हा चाळू लागली.

थोरली एकटीच खाली आली. अर्धपोटी राहिली. शेजारणी चुकचुकल्या. बहिणीची आठवण आली की ती वरच्या हिरव्या उजेडाकडे बघत बसे.

एके सकाळी पाठीवर काहीतरी वळवळलं. तिने वळून पाहिलं. झोळीतून एक इवलासा काळा डोळा तिच्याकडे बघत होता.

बहिणीला दाखवायला ती धावतच वर निघाली. अर्ध्या वाटेत बहीण भेटली. ती निश्चल, हळूहळू खाली बुडत होती. पोट अजून हिरवंगार होतं.

"खाऊनपिऊन सुखाने गेली," गाव म्हणालं.

ती उपाशी गेली, हे ताईला आणि आत्याबाईंनाच ठाऊक होतं. पिल्लाला झोळीत घेऊन ती बहिणीसोबत तळापर्यंत गेली. पुढे तिची झोळी कितीदा भरली, तरी वरचा उजेड हिरवा झाला की तिला धाकटी आठवे.

तात्पर्य : पोटात किती गेलं यावर जाऊ नये, अंगी काय लागलं ते पाहावं.